डाव्या हाताची मांडणी

प्रोग्रॅम उघडताना आधी पडद्याच्या मधोमध एक चौकोन येतो. त्यात प्रोग्रॅमचं नाव असतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत एकामागून एक ओळी सरकतात. फॉन्ट वाचतोय, ब्रश वाचतोय, साधनं मांडतोय. त्या सकाळी तो 'साधनं मांडतोय' पर्यंत आला, क्षणभर थबकला आणि चौकोनच नाहीसा झाला. कसली सूचना आली नाही, आवाज झाला नाही. पडदा नुसता करडा राहिला.

"बघ," माझा नवरा म्हणाला. "मघापासून हेच चाललंय."

मी त्याच्या खुर्चीमागे उभी होते. "पुन्हा कर बरं."

त्याने डाव्या हाताने माउस सरकवला आणि दोनदा टिचकी मारली. चौकोन आला, ओळी सरकल्या, चौकोन गेला.

"कॉम्प्युटर बंद करून चालू केलास?"

"मी काय आज पहिल्यांदा कॉम्प्युटर बघतोय?"

आतून त्याच्या मोठ्या बहिणीचा, ताईंचा आवाज आला. "काय झालं रे बंडू?"

"उघडत नाहीये."

"मग एक फटका दे. आपला रेडिओ नाही का सुरू व्हायचा!"

"ताई, हा रेडिओ नाहीये."

"तेच म्हणते मी. रेडिओ असता तर आतापर्यंत गायला लागला असता."

तो हसला नाही. मी कॉलेजमध्ये फोन करून आजची प्रॅक्टिकल्स दुसऱ्या कुणाला घ्यायला सांगितली. मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि असल्या कारणासाठी रजा टाकण्याचा माझा स्वभाव नाही. पण ही अडचण किती मोठी आहे हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं होतं.

माझा नवरा फोटो रिटच करतो. लोक जुने, फाटलेले, ओल लागलेले फोटो आणून देतात. तो ते स्कॅन करून पडद्यावर दुरुस्त करतो. एका डोळ्याची बाहुली खरवडली गेली असेल तर दुसऱ्या डोळ्यावरून ती भरून काढायची, पण दोन्ही डोळे सारखे होऊ द्यायचे नाहीत. "माणसाचे दोन डोळे कधी सारखे नसतात," तो म्हणायचा. "सारखे केले की माणूस पुतळा होतो." पुढच्या खोलीच्या भिंती त्याने स्वतः करड्या रंगवल्या आहेत, कारण रंगीत भिंतीचा उजेड पडद्यावर पडला की डोळा फसतो. खिडकीला जाड पडदा आहे. ताई त्या खोलीला गुहा म्हणतात.

गेल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. बोलणं बरंचसं परत आलं, पाय परत आला, उजवा हात मात्र आला नाही. उजव्या हाताने काम करणारा माणूस तो. पुढचे काही महिने तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. जेवायला बोलावलं तर उठायचा, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायचा. त्या काळात ताई दोन आठवड्यांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या. त्या रोज त्याच्याशी मुद्दाम भांडण उकरून काढायच्या. तो भांडायचासुद्धा नाही.

मग एक दिवस तो आपण होऊन पुढच्या खोलीत जाऊन बसला. एका हाताने माउसही धरायचा आणि बटणंही दाबायची हे नेहमीच्या मांडणीत जमत नाही, कारण या प्रोग्रॅममध्ये दोन-दोन, तीन-तीन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. त्याने ती सगळी कामं एकेका बटणावर आणली. कीबोर्डच्या उजव्या कडेचा आकड्यांचा भाग डाव्या हाताला जवळ पडेना, म्हणून वेगळा छोटा आकड्यांचा कीबोर्ड आणवून तो डावीकडे ठेवला. साधनांच्या पट्ट्या मोठ्या करून डाव्या कडेला नेल्या. ब्रश नव्याने बनवले. उजव्या हाताला जो नेमकेपणा साधत असे तो डाव्याला साधत नव्हता, म्हणून प्रत्येक ब्रशाचा जोर त्याने कमी करत आणला. बरेच आठवडे हे चाललं होतं. शेवटी असा कीबोर्ड तयार झाला की मी चुकून एखादं बटण दाबलं तर फोटो आडवा व्हायचा.

"तुझा कॉम्प्युटर डावखुरा झाला रे," ताई म्हणाल्या, आणि झटक्यानंतर तो पहिल्यांदा मोठ्याने हसला.

कुठल्या बटणावर काय आहे ते लिहून ठेवू का, असं मी विचारलं होतं. "नको," तो म्हणाला. "लिहिलं की मी वाचत बसेन. बोटांना शिकू दे."

प्रोग्रॅम दुसरा मिळाला असता. ती मांडणी दुसरी मिळणार नव्हती, आणि ती गेली तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल, एवढीच मला भीती होती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणतात. त्याला हे नाव आवडतं. तो स्वतःही मशीनला पेशंटच म्हणतो. मी त्याला फोन लावला.

"वहिनी, सोपं आहे. उघडताना तीन बटणं एकदम दाबून धरा. सेटिंग्ज पुसू का म्हणून विचारेल, हो म्हणा. बहुतेक पेशंट एवढ्यावर उठून बसतात."

"आणि सेटिंग्ज?"

"नवी कोरी होतात."

"त्याची मांडणी त्यातच आहे."

"मग नका दाबू."

"तुम्ही दर महिन्याला सगळ्याची प्रत काढून ठेवता ना?"

"फोटोंची काढतो, वहिनी. कपाटातले कपडे माणूस जपतो. कपडे कुठल्या खणात कसे लावलेत याची प्रत कोण काढतं?"

मीही तर कधी विचारलं नव्हतं.

"काय म्हणाला तुझा डॉक्टर?" नवऱ्याने विचारलं.

"तीन बटणं एकदम दाबून धरायला सांगतोय."

"तीन? मग मी तर वाचलोच." तो आपल्या उजव्या हाताकडे बघून म्हणाला. त्याचे विनोद अलीकडे असेच असायचे.

त्याला आत पडायला सांगून मी खुर्चीत बसले. मी मुलांना पहिल्याच तासाला सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर काय कशामुळे झालं ते कधीच कळत नाही. मी आधी सेटिंग्जच्या पूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर काढली, मग त्या प्रतीची प्रत दुसऱ्यावर. त्यानंतर मूळ फोल्डर जागेवरून हलवून प्रोग्रॅम चालू केला. तो उघडला. कोरा, दुकानातून आल्यासारखा, साधनं बारीक आणि भलत्या बाजूला. म्हणजे प्रोग्रॅम धड होता आणि बिघाड त्या फोल्डरमध्येच कुठेतरी होता.

मग मी अर्ध्या फाइली परत ठेवल्या. उघडला. त्या काढून उरलेल्या अर्ध्या ठेवल्या. बंद पडला. त्यांचे दोन भाग केले. एक भाग ठेवला, उघडला. दुसरा ठेवला, बंद पडला. प्रत्येक वेळी संशयितांची संख्या निम्मी होत होती आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. दार लावलेल्या खोलीत एक रीत हातात धरून पुढे जाण्यात जो दिलासा असतो तो मला लहानपणापासून पुरत आला आहे. ताई चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला.

दुपारपर्यंत ब्रश सुटले. ते निर्दोष होते. पसंतीचे रंग सुटले, फॉन्टची यादी सुटली. शेवटी एकच फाइल उरली. ती ठेवली की चौकोन 'साधनं मांडतोय' वर येऊन नाहीसा व्हायचा, आणि काढली की प्रोग्रॅम उघडायचा. मी खात्री करून घेण्यासाठी तिला पुन्हा ठेवून बघितलं, पुन्हा काढून बघितलं. शंकेला जागा नव्हती. ती बटणांची आणि पट्ट्यांची फाइल होती. मांडणी तीच होती.

मी ती डॉक्टरला पाठवली. संध्याकाळच्या आत त्याचा फोन आला. यावेळी तो पेशंट वगैरे काही म्हणाला नाही.

"अर्धवट लिहिली गेलीय, वहिनी. सुरुवात आहे, पुढे नुसती शून्यं. एखादं वाक्य लिहिता लिहिता कुणी हात धरावा तसं. यातून काही निघणार नाही."

"असं कशाने होतं?"

"प्रोग्रॅम बंद होताना ही फाइल लिहितो. त्याच वेळी वीज गेली तर."

"आमच्याकडे बॅटरीची पेटी आहे. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू राहतो."

"मग कुणीतरी तीच बंद केली असेल. झाडताना वगैरे."

मी ताईंना विचारलं. त्या भडकल्या. "मी झाडते ते केर काढायला. तुझ्या पेट्यांशी खेळायला नाही, मास्तरीणबाई. सगळं माझ्याच माथी मारा."

"मी फक्त विचारलं, ताई."

"विचारायचीसुद्धा एक रीत असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सांगितलं. प्रोग्रॅम उघडतोय, ब्रश आहेत, पण मांडणी गेली. आपण परत करू या, तू सांग, मी बटणं लावत जाते. मी हे आधी मनात दोनदा म्हणून बघितलं होतं, तरी म्हणताना घाई झाली.

तो येऊन बसला. डावा हात छोट्या कीबोर्डवर ठेवला आणि एक बटण दाबलं. काही झालं नाही. दुसरं दाबलं, काही झालं नाही. मग त्याने मोठ्या कीबोर्डवर एक अक्षर दाबलं आणि पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या एकदम गुप्त झाल्या.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. कोपऱ्यावरचा शिंपी आला होता. त्याने आपल्या आईचा फोटो दुरुस्तीला दिला होता. पाण्याने गालावर मोठा डाग पडलेला, एक कान पार गेलेला. दुकानात लावायचा होता.

"झाला का वहिनी? तशी घाई नाही म्हणा. आई आता कुठं चाललीय?"

"कॉम्प्युटर जरा बिघडलाय. थोडे दिवस लागतील."

"लागू देत. दादांच्या हातचं काम, थांबायला हरकत नाही."

मी दार लावून वळले. आतून नवरा म्हणाला, "हे बंद करतो गं." मी खोलीच्या दारात पोचले तेव्हा त्याने चपलेतून पाऊल बाहेर काढलं, टेबलाखाली सरकवलं, आणि बॅटरीच्या पेटीचं बटण अंगठ्याने दाबलं. पडदा काळा झाला. पंख्याची घरघर थांबली. त्याने पाऊल पुन्हा चपलेत घातलं. सगळं इतक्या सवयीने, जसं कुणी बसल्या जागेवरून दार लोटावं.

"तू असं बंद करतोस?"

"मग कसं करतात?"

तो टोमणा नव्हता. तो खरोखर विचारत होता. कॉम्प्युटर नीट कसा बंद करायचा हे मला लग्नानंतर याच माणसाने शिकवलं होतं, आणि तेव्हा मी घाई केली म्हणून ओरडलाही होता.

"रोज?" मी विचारलं.

"बंद करायचा म्हणजे बंदच करायचा ना," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू गडबड माझ्यात आहे.

मी मनात कारणं मांडली. बंद करायचं बटण पडद्यावर बारीक आहे, डाव्या हाताने नेम लागत नसेल. एकदा अंगठ्याने बंद केलं, सोपं गेलं, सवय लागली. असं होऊ शकतं. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हेही मी मुलांना सांगते.

आणि मला एक उपाय सुचला होता. फाइल गेली तरी मांडणी त्याच्या बोटांत असणारच. टाइप करणाऱ्या माणसाला विचारलं की अमुक अक्षर कुठे आहे, तर त्याला सांगता येत नाही, पण बोट अचूक तिथे जातं. तेव्हा विचारायचंच नाही. कॉम्प्युटर बंद ठेवायचा, नुसता कीबोर्ड पुढ्यात द्यायचा, त्याच्यासमोर शिंप्याच्या आईचा फोटो धरायचा आणि म्हणायचं, इथला डाग काढ. बोट जिथे जाईल ते बटण मी टिपून घ्यायचं. एकेक काम असं टिपत गेलं की मांडणी उलट बाजूने उभी राहील.

त्याला कल्पना आवडली. "म्हणजे परीक्षा," तो म्हणाला.

"तुझी नाही. बोटांची."

"डाग काढ," मी म्हटलं. त्याने बोट ठेवलं. "ब्रश मोठा कर." ठेवलं. "मागे जा." ठेवलं. तो भराभर, न अडखळता दाखवत होता आणि चेहऱ्यावर जुनी ऐट आली होती. ताई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बाई गं, पियानोच वाजवतोय जसा!"

"ताई, मध्ये बोलू नकोस. माझा ताल चुकतो," तो म्हणाला.

त्या रात्री मला चांगली झोप लागली.

मोजमाप एकदाच घेऊन चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी तेच प्रश्न, तोच फोटो घेऊन पुन्हा बसले. "डाग काढ." बोट दुसऱ्याच बटणावर गेलं. तितक्याच भराभर, तितक्याच खात्रीने. "ब्रश मोठा कर." काल जिथे 'मागे जा' होतं तिथे. मी चेहरा सरळ ठेवला. तो दमला असेल म्हणून दुपारी परत घेतलं. मग एक दिवस जाऊ दिला आणि पुन्हा घेतलं. एकाच प्रश्नाला हात दर वेळी वेगळं उत्तर देत होता. मोजमापात चूक असली तर आकडे एखाद्या जागेभोवती घोटाळतात आणि सरासरी काढली की खरी जागा सापडते. इथे घोटाळायला जागाच उरली नव्हती. शेवटच्या वेळी तर तो सगळ्या प्रश्नांना मधलंच बटण दाबत होता.

"बरोबर ना?" त्याने विचारलं.

"हो."

म्हणजे मग तो इतके दिवस त्या खोलीत करत काय होता? मी दुपारी, तो झोपलेला असताना, शिंप्याच्या आईचा फोटो पडद्यावर उघडला. तो दर थोड्या दिवसांनी काम नव्या नावाने सेव्ह करायचा, ही त्याची जुनी शिस्त. सुरुवातीच्या फायलीत गालाचा डाग गेलेला होता. कान असा घडवला होता की तो कधी गेला होता असं कुणाला वाटलं नसतं, पाळीतलं छिद्रसुद्धा जरा ओघळलेलं, जड डूल घालणाऱ्या बाईचं. काम तिथेच संपलं होतं. देऊन टाकायला हवं होतं. पण त्याच्यापुढेही फायली होत्या. पुढच्या एका फायलीत सुरकुत्या फिकट झाल्या होत्या. त्याच्या पुढच्या फायलीत नव्हत्याच. मग ओठांची कड गेली, मग नाकाची. शेवटच्या फायलीत पदराच्या आत एक गुळगुळीत, उजळ जागा होती. तिला डोळे होते, आणि ते सारखे होते.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्या झटक्याच्या वेळीच सांगितलं होतं की पुढे बारीक बारीक झटके येऊ शकतात, घरच्यांच्या लक्षातही येणार नाहीत, आणि मग माणूस उतार उतरल्यासारखा नाही तर पायऱ्या उतरल्यासारखा उतरतो. मी ते समजून घेतलं होतं, आलेखासारखं. एकेक पायरी उतरताना तो या खोलीत एकटा होता, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

मी सुरुवातीच्या फायलीची प्रत छापून आणली. शिंप्याला निरोप दिला. तो हातातलं काम टाकून, गळ्यात टेप तसाच ठेवून आला. फोटो त्याने दोन्ही हातांनी उजेडात धरला.

"दादा," शेवटी तो म्हणाला, "आता ही मला हाक मारते की काय असं वाटतंय. कान बघा! आईचा कान अगदी."

त्याने फोटो माझ्या नवऱ्यापुढे धरला. नवरा बराच वेळ बघत राहिला. चष्मा वर करून, जवळ घेऊन, त्याच्या नेहमीच्या पद्धतीने.

"चांगलं काम आहे," तो म्हणाला. "कुणी केलंय?"

शिंपी खदखदून हसला. "घ्या! आता आमचीच फिरकी घेताय होय?" नवरा त्याच्याबरोबर हसला, पण माझ्याकडे बघत. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, आणि त्याने तेही बघितलं.

शिंपी गेल्यावर तो तिथेच बसून राहिला.

"मीच ना?" त्याने विचारलं.

"तूच."

"मला आठवत नाहीये." मग बऱ्याच वेळाने, एकेक शब्द वेचत, "ते परीक्षा घेत होतीस तेव्हा. मी बरोबर सांगत होतो का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्याला ते पुरलं असावं.

"एक सांग. तू सगळं तपासलंस ना? एकेक करून?"

"हो."

"मग बिघाड कशात आहे? यात," त्याने कॉम्प्युटरकडे बोट केलं, "की माझ्यात?"

त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या दिवसांतही बघितलं नव्हतं. तेव्हा तो खचलेला होता. आता तो घाबरला होता.

"यात," मी म्हटलं.

"नक्की?"

"तू बोटांनी दाखवायचास ते बरोबरच होतं. यातच काहीतरी उलटसुलट होतंय. प्रोग्रॅमच खराब आहे."

"मग त्या दिवशी उघडला होता तो?"

"परत बंद पडला."

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. "तरी म्हटलं," तो म्हणाला, आणि आत जाऊन पडला. भिंतीकडे नाही, छताकडे बघत.

मी खुर्चीत बसले आणि पेन ड्राइव्ह लावला. एकच फाइल, ती अर्धवट लिहिलेली. ती उचलून तिच्या जुन्या जागी ठेवली. मग खात्री करून घेण्यासाठी प्रोग्रॅम चालू केला. फॉन्ट, ब्रश, साधनं. चौकोन गेला.

ताई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या मला कळलं नव्हतं.

"चालू झाला होता ना गं तो?"

"हो."

"आणि आता?"

"आता होणार नाही."

त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण मी काय केलं ते त्यांना कळलं. एरवी त्यांनी काहीतरी टोला दिला असता. त्या पुढे आल्या, जाड पडदा सारून त्यांनी खिडकी उघडली आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या.

"लहानपणी फार हुशार होता हो," त्या म्हणाल्या. "शाळेत जायच्या आधी माझी पुस्तकं वाचायचा. उलट्या बाजूने. मी समोर बसलेली असायचे ना, म्हणून." मग त्यांनी नाक ओढलं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आता हे रोजचं झालं आहे. सकाळी चहा झाला की तो म्हणतो, "बघू या का आज?" मी त्याच्यासोबत गुहेत जाते. टिचकी मी मारते. चौकोन येतो, ओळी सरकतात, आणि मी श्वास रोखून धरते, कारण एखाद्या दिवशी तो उघडला तर काय करायचं ते मी ठरवलेलं नाही. तो बंद पडतो. "अजून तसंच," तो म्हणतो, जवळजवळ समाधानाने.

परवा डॉक्टर भेटला. "वहिनी, दादांचा पेशंट काय म्हणतो? मी येऊन एकदा बघू का? नवा टाकू प्रोग्रॅम, मांडणी परत करू, मी बसतो त्यांच्याबरोबर." चांगला माणूस आहे. मी त्याला नको म्हटलं. कारण विचारल्यावर काही सुचेना, म्हणून म्हटलं की मीच करतेय हळूहळू. मी आयुष्यात खोटं मोजमाप कधी नोंदवलेलं नाही. आता रोज सकाळी एक नोंदवते, तेही ज्याने माझ्यावर विसंबून विचारलं त्याच्यासमोर.

आज चौकोन गेल्यावर तो हसला. डावा हात उचलून त्याने माझ्या पाठीवर ठेवला. वर्गात नापास झालेल्या मुलीच्या पाठीवर ठेवावा तसा.

"जाऊ दे," तो म्हणाला. "एवढं शिकलीस, पण हे काही तुला जमत नाही बघ."

"नाही जमत," मी म्हटलं.

"मनाला नको लावून घेऊस. यंत्र आहे."

त्याने हात तसाच ठेवला. मी हलले नाही.